नाडीचा वळ

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. सोबतचे, तू रंगवलेल्या नग्नचित्रांचे सातही फोटो मी मोबाईलवर मोठे करून पाहिले, चष्मा बदलून पुन्हा पाहिले, मग नातीकडून टीव्हीच्या पडद्यावर लावून घेतले आणि परत पाहिले. लगेच लिहिलं नाही, कारण पहिल्या दिवशी मी चिडलेली होते. राग तुझ्यावर नव्हता, पण लागला तुलाच असता.

तू लिहितेस, व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "ही बाई भारतीय आहे हे कशावरून ओळखायचं?" आणि तुला उत्तर सुचलं नाही. आई म्हणते, एवढं शिकलीस तर साडीतल्या बायका काढ की, कोण नको म्हणतंय. ज्या गॅलरीला फोटो पाठवलेस त्यांचं म्हणणं, परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी "देवीसारखं काही" असेल तर बघू. आता या तिघांत ऐकू कुणाचं, असं विचारतेस. अगं, तिघांचं मागणं एकच आहे. परीक्षकांना नथ हवी, आईला साडी हवी, गॅलरीला देवी हवी. तिघांनाही तिच्या अंगावर काहीतरी घालून हवंय.

आणि तू घातलंसही. फोटोंचा क्रम तू सांगितला नाहीस, तरी मला कळला. पहिल्या पाच चित्रांत बाई आहे. सहाव्यात नथ आहे. सातव्यात नथ, समई आणि पाठीमागे पैठणीच्या पदरावरचा मोर. या शेवटच्या दोन्हींत बाई कुठे आहे ते मी शोधत राहिले.

आता तिसरा कॅनव्हास समोर ठेव. तुझी मैत्रीण पलंगाच्या कडेला बसलीय, एक पाय दुमडून खाली घेतलेला. बेंबीखाली चार बोटांवर तू एक आडवी रेघ काढली होतीस आणि मग ती टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसलीस. पुसल्याची जागा फोटोतही कळते, तिथला ऑकर, तो मातकट पिवळा, मळलाय. ती रेघ लेगिंगच्या इलॅस्टिकची होती ना? तुला ती दिसली, हाताने ती काढली, आणि मग कुणीतरी आतून म्हणालं की न्यूडमध्ये हे शोभत नाही. परीक्षकांना द्यायचं उत्तर तिथे होतं. ते तू फडक्याने पुसलंस.

हे इतक्या खात्रीने सांगते, कारण मीही पुसलंय. तू पन्नास वर्षांनी उशिरा पुसलंस, एवढाच फरक.

१९७५ साल. मी कोल्हापूरहून मुंबईत शिकायला आलेली, वर्गात आम्ही चौघी मुली. लाइफ क्लासच्या, म्हणजे जिवंत मॉडेलवरून काढण्याच्या वर्गाच्या, आधी दोन वर्षं अँटिकचा वर्ग, म्हणजे प्लास्टरचे ग्रीक पुतळे. व्हीनसच्या पोटावरून चारकोल इतक्या वेळा फिरवला होता की डोळे मिटून काढता आली असती. त्या पोटावर कसलीही खूण नव्हती, असणार कुठून! तिसऱ्या वर्षी पडद्याआडून मॉडेल बाहेर आल्या. चाळिशीच्या, साताऱ्याकडच्या. स्टँडवर बसल्या. मी डॉन्कीवर, म्हणजे चित्र काढायच्या बाकावर, बोर्ड टेकवला, मान वर केली आणि पाहतच राहिले. ब्लाउजच्या बाहीपर्यंत दंड उजळ, त्याखाली हात काळा. पाठीवर ब्लाउज आणि साडी यांच्यामधल्या उघड्या भागाचा रापलेला पट्टा, जणू कुणी तपकिरी कापड गुंडाळलंय. आणि कमरेभोवती नाडीचा वळ, बोटभर रुंद, कडेला काळपट, मध्ये गुलाबी, उजव्या बाजूला गाठ बसते तिथे खोल करकोचा. साडी पडद्यामागच्या खुंटीवर होती. तरीही ती त्यांच्या अंगावर होती.

मी वळ काढला. मास्तर मागून आले, माझ्या हातातून चारकोल घेतला आणि म्हणाले, "फिगर क्लीन ठेवा." मी पुसला. विश्रांतीच्या वेळात बाई साडी गुंडाळून माझ्या बोर्डापाशी आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "पुसलंत व्हय? बरं केलंत. लई खाजतं ते." मी हसले. त्याही हसल्या. आणि ते वाक्य मी परवानगीसारखं वापरलं, पुढची तीस वर्षं. खुद्द तिनेच बरं केलंत म्हटलंय, मग मी कशाला काढू? त्या मला काय सांगत होत्या ते मी ऐकलंच नाही. ही खूण खाजते, इथे रोज संध्याकाळी नाडी सुटल्यावर जीव खाली पडतो, हे त्या पोटाबद्दलचं असं ज्ञान होतं की जे कुठल्याही पुस्तकात नव्हतं, मास्तरांना तर नव्हतंच. मी खाज नसलेली कातडी रंगवत राहिले.

तू म्हणशील, एका वळाचं बाई इतकं काय घेऊन बसल्यात. मग हे ऐक. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची नोंद केली. वर्षानुवर्षं कमरेला घट्ट कसून नेसल्याने कातडी झिजली, जखम झाली, ती भरेना, आणि शेवटी त्या जखमेत कॅन्सर निघाला. त्या दुखण्याला डॉक्टरांच्या भाषेत साडीचंच नाव आहे, आणि ते आजचं नाही. संस्कृती म्हणजे काय ती बाईच्या अंगात इतकी खोल गेलेली असते. आणि आपण ती शोधतो कुठे, तर नथीच्या मोत्यात.

म्हणून तुझ्या परीक्षकांना तू सांगायचं होतंस : कमरेकडे बघा. बाईचे कपडे काढल्यावर तिचा गाव, तिचं काम, तिची वर्षं निघून जात नाहीत, उलट तेव्हाच ती दिसायला लागतात. डाव्या दंडावरचा लशीचा वण. माझ्या पिढीतल्या बायकांच्या दंडावर देवीच्या लशीचे रुपयाएवढे वण आहेत, तुझ्या पिढीला तो वण नाही, बीसीजीचा बारका आहे. एका वणावरून बाई कुठल्या पिढीतली ते कळतं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला मांडी घालून बसून बसून जाड झालेली काळी कातडी. जोडव्यांनी दबलेलं बोट. मनगटाच्या आतल्या बाजूचं हिरवट गोंदण, अक्षरं पसरून वाचता न येणारी. सिझेरियनची आडवी शिवण. बोचकं डोक्यावर वाहणारीची मान आणि संगणकापुढे बसणारीची मान. आणि बसणं! उकिडवी बसलेली आपली बाई स्टुलावर बसवली की पाच मिनिटांत ती एक पाय वर घेते. तिला घेऊ दे. तो पाय काढ. त्या पायाला नथीची गरज लागत नाही.

आता तुझा पत्रातला दुसरा मुद्दा, की तू आणि तुझी मैत्रीण जीन्स आणि लेगिंग घालता, तुमच्या अंगावर नऊवारीच्या खुणा येणार कुठून, मग तुमचं शरीर "आपलं" कसं. हे वाचून मात्र माझा तोल गेला होता. मुली, जीन्सच्या बटणाचा गोल ठसा बेंबीखाली उमटतो तो काढ. ब्राच्या पट्ट्याने खांद्यावर पडलेली खाच काढ. स्कूटीवरून जाताना हातमोजा घालतेस, त्याच्या वरचा रापलेला हात आणि खालचा पांढरा पंजा काढ. इचलकरंजीच्या उन्हात स्कूटी चालवणारीचा हात आहे तो, जगात दुसरीकडे कुठे मिळणार? आपलं म्हणजे जुनं, असं तुला कुणी शिकवलं? नऊवारीचा वळ माझ्या आजीच्या कमरेवर होता म्हणून तो मी काढायला हवा होता. तुझ्या मैत्रिणीच्या कमरेवर इलॅस्टिक आहे म्हणून तू इलॅस्टिक काढायचं. जे अंगावर आहे ते.

आणि कृपा करून खजुराहोचा दाखला देऊ नकोस. तुझ्या लेखी टिपणात तो आहे, पहिल्याच परिच्छेदात. "आपल्या मंदिरांवर नग्नता होतीच" हे वाक्य मी इतक्या भाषणांत ऐकलंय, स्वतः इतक्यांदा म्हटलंय, की त्याचा चोथा झालाय. तुझ्या घरापासून खिद्रापूर किती लांब आहे? तासाभराचा रस्ता असेल. तिथल्या कोपेश्वराच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरींकडे, त्या दगडी बायकांकडे, एक अख्खा दिवस बघ. छाती उघडी, कमरेला मेखला, पायात वाळे, गळ्यात थरावर थर. त्यांच्यात नागडी कुणीच नाही. घडवणाऱ्याने त्यांना दागिने नेसवलेत. आणखी हजार वर्षं मागे जा, पाँपेईच्या राखेतून १९३८ साली हस्तिदंताची भारतीय बाई निघाली, तिच्याच धाटणीच्या बाहुल्या आपल्याकडे तेरला आणि भोकरदनला सापडल्या. त्याही तशाच, अंगावर वस्त्र नाही आणि दागिन्यांना तोटा नाही. ती शरीरं सुंदर आहेत, मी त्यांच्यापुढे हात जोडते. पण ती कुणा एकीची नाहीत. त्या मेखलेने कधी कुणाच्या कमरेला काचलं नाही. तुझी मैत्रीण सुरसुंदरी नाही, तिला नाव आहे, हॉस्टेलचं बिल आहे. देवळाचा दाखला देऊन तू तिला पुन्हा दगडात घालतेस.

आमच्या आधीच्यांनी हा गुंता फार वर्षं ओढला. जे. जे. स्कूल १८५७ चं, पण नग्न मॉडेलवरून अभ्यास रीतसर सुरू झाला तो ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, म्हणजे १९१९ नंतर. त्याआधी रविवर्मा. त्याने पुराणातल्या नायिकांना आपली नऊवारी नेसवली, १८९४ साली छापखाना काढला आणि बघता बघता देवघरांत, दुकानांत त्या नऊवारीतल्या देवी लागल्या. गोऱ्या, गुळगुळीत, तैलरंगातल्या. आतलं शरीर युरोपच्या पुतळ्याचं आणि वरची साडी आपली, ही तडजोड तिथून चालत आली. आजही कुणी चित्रात भारतीयता हवी म्हणतं तेव्हा त्याला बहुतेक वेळा हेच हवं असतं. तुझी सहा आणि सात नंबरची चित्रं त्याच रांगेत उभी आहेत. रागावू नकोस, माझी चाळीसेक चित्रं त्या रांगेत तुझ्यापुढे आहेत.

अमृता शेरगिलबद्दल तू तीन पानं लिहिलीस, त्यात १९३४ चं स्वतःला ताहितीची बाई म्हणून रंगवलेलं चित्र आहे, आणि त्यावर तुझं प्रेम आहे. असू दे. मला त्यातली एकवीस वर्षांची पोर दिसते, जी स्वतःचंच अंग ताहितीच्या बायका रंगवणाऱ्या फ्रेंच चित्रकार गोगँच्या डोळ्यांनी बघून पाहतेय, जमतंय का. मी तुला तिच्या १९३३ च्या चित्राकडे नेते, धंद्याने मॉडेल असलेल्या पॅरिसच्या बाईचं. थकलेली, वय झालेली, छाती ओघळलेली, आणि चेहऱ्यावर दिवसभर बसून राहण्याचा कंटाळा. त्या बाईला कुठल्या देशाची आहेस असं कुणी विचारणार नाही. विचारलंच तर ती सांगेल, मी पॅरिसमध्ये तासावर बसते. अमृताने तिचं काम पाहिलं, म्हणून ती बाई शंभर वर्षं टिकणार.

पण पुढचं बघ. भारतात परतल्यावर तिच्या चित्रांतल्या बायका बहुतेक कपड्यांतच येतात. का? मला वाटतं, सिमल्याच्या मोठ्या घरातल्या मुलीसमोर डोंगरातली बाई कपडे काढून बसणं आणि पॅरिसच्या स्टुडिओत मॉडेलने बसणं यात जे अंतर आहे ते तिला कळलं असणार. हे माझं मत आहे, पुरावा माझ्याकडे नाही. पण मी ज्या घरातून आले त्या घराकडे पाहताना मला हे मत फार खरं वाटतं.

कारण आपल्याकडे स्टँडवर कोण बसतं? माझ्या वर्गात ईझलमागे बसलेल्यांची आडनावं आणि स्टँडवर बसणाऱ्यांची आडनावं एकमेकांना कधी भेटली नाहीत. त्या सातारच्या बाईंना आम्ही सगळे "मॉडेल" म्हणायचो. "मॉडेल आल्या का?" "मॉडेलचा चहा झाला का?" दोन वर्षं त्या माझ्यासमोर बसल्या, त्यांच्या पाठीतला मणका न् मणका मला पाठ होता, आणि मी नाव विचारलं नाही. माझ्याच्याने त्यांच्याशी बोलवत नव्हतं, संकोच होता, वय होतं एकवीस, घरून सक्त ताकीद होती की त्या वर्गाबद्दल कुठे बोलायचं नाही. ही कारणं खरी आहेत. तरी नाव विचारायला लागतं किती? मराठीत नागवणं म्हणजे लुबाडणं, हे तुला माहीतच आहे. नाव न विचारता कुणाचं अंग काढून घेणं म्हणजे तेच.

म्हणून तुझी आई जेव्हा "नागडी चित्रं" म्हणते तेव्हा तिच्यावर चिडू नकोस आणि तिला "न्यूड" हा शब्द शिकवायला जाऊ नकोस. आपण न्यूड म्हणतो कारण त्या शब्दाआड लपता येतं. अनावृत म्हटलं की कवितेसारखं वाटतं. तिचा शब्द उघडा आहे, आणि तिची भीती बरोबर आहे, की कुणीतरी कुणाला तरी नागवतंय. तिला तिसरं चित्र दाखव. ती बाई आहे, तिला वळ माहीत आहे. माझ्या सासूबाईंनी माझ्या एका चित्रावर बोट ठेवून विचारलं होतं, "हिला लेकरं नाहीत का गं?" पाच मुलं झालेल्या मॉडेलचं पोट मी सपाट केलं होतं. कुठल्याही समीक्षकाने मला इतका अचूक प्रश्न विचारला नाही.

आता माझी ती चाळीस चित्रं. तुला कुठूनतरी कळणारच, म्हणून मीच सांगते. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. आमचे हे गिरणीत कारकून होते. दोन लहान मुलं, भाड्याची खोली, आणि संप संपेना. तेव्हा एका हॉटेलच्या सजावटीचं काम आलं. घागरी घेतलेल्या, अर्धउघड्या, नथ घातलेल्या, कमळाच्या तळ्याशी बसलेल्या बायका. सुरुवातीला अकरा, मग ते बघून दुसऱ्यांनी मागितल्या. मी काढल्या. त्या पैशांवर घर चाललं, मुलांच्या फिया भरल्या. त्या चित्रांवर नाकं मुरडणारे माझे वर्गमित्र होते, त्यांच्या घरी दुसरा पगार होता. मला त्या चित्रांची लाज वाटत नाही, हे नीट समजून घे. गिऱ्हाइकाने मागितलं, मी विकलं, सुताराने पलंग करावा तसं. मला लाज वाटते ती पुढच्या वीस वर्षांची. कर्ज फिटलं होतं, मुलं कमवायला लागली होती, आणि तरी माझा हात कमरेपाशी आला की आपोआप गुळगुळीत व्हायचा. नाडीच्या जागी मेखला यायची. कुणी मागितलेलं नसतानाही! डोळ्यांना दिसत होतं, पण हात ऐकत नव्हता. सवय लागायला संप लागला, सुटायला वीस वर्षं गेली. म्हणून सहाव्या-सातव्या चित्रावर मी एवढी तुटून पडतेय. दोनच आहेत, एवढ्यातच थांब.

आणि एक गोष्ट आहे, जी मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका शहरात आमचं सातजणांचं प्रदर्शन होतं. माझं एकच चित्र, माझ्या शेजारीण बाईंचं, त्या स्वतःहून बसल्या होत्या. बसलेली पन्नाशीची बाई, केस सुटे, पोटाच्या वळ्या, आणि त्या सगळ्या वर्षांत तेवढा एकदाच मी पुसला नव्हता तो वळ. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी आयोजकांचा निरोप आला की सध्या वातावरण तापलेलं आहे, एवढं एक चित्र टाळता आलं तर. कुणी धमकी दिली नव्हती. कुणी दारात आलं नव्हतं. त्या दिवसांत चित्रकार हुसेन यांच्यावर एकामागून एक खटले भरले जात होते, सगळेच घाबरलेले होते. मी स्वतः स्टुलावर चढले, चित्र उतरवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि रात्रीच्या एसटीने घरी घेऊन आले. सासरे दवाखान्यात होते, मला पोलीस चौकीच्या फेऱ्या परवडणार नव्हत्या. आजही मी स्वतःला हेच सांगते आणि ते खरंच आहे. पण सकाळी शेजारीण बाईंनी विचारलं, "लागलं का माझं चित्र?" आणि मी हो म्हणाले. त्या वारल्या त्याला बारा वर्षं झाली.

तुला मी हुतात्मा व्हायला सांगत नाही. चित्रकार अकबर पदमसी सव्विशीत होते, १९५४ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीमधून दोन चित्रं उतरवा म्हणून पोलीस आले, त्यांनी नकार दिला, खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. आपल्या गोव्यातल्या साळगावच्या चित्रकार सूझांच्या स्वतःच्याच विवस्त्र चित्रावरून १९४९ मध्ये मुंबईत गदारोळ झाला आणि त्याच वर्षी ते लंडनला निघून गेले. त्याच दोघांची सात चित्रं बाहेरून मुंबईत आणली गेली तर कस्टम्सने २०२३ साली ती अश्लील म्हणून अडकवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि सांगितलं की प्रत्येक नग्नचित्र अश्लील ठरत नाही. सत्तर वर्षांनी पुन्हा तेच सांगावं लागलं. म्हणजे कायदा तुझ्या बाजूला बराचसा आहे, पण तो पोचतो उशिरा. तेव्हा कुठे लावायचं, कधी लावायचं, हे तू परिस्थिती बघून ठरव. एखादं चित्र दहा वर्षं भिंतीकडे तोंड करून ठेवावं लागलं तर ठेव. पण काढताना भ्यायचं नाही. ब्रश हातात असताना भीतीने टाकलेलं कापड रंगात लगेच कळतं, त्याला वजन नसतं, ते अंगावर पडत नाही, तरंगतं. तुझ्या पाचव्या चित्रातली मांडीवरची ओढणी तशी तरंगतेय. ती काढून टाक, किंवा मैत्रिणीला खरोखर ओढणी घ्यायला सांग आणि ती कशी पडते ते बघून काढ.

कुणाची चित्रं बघायची, असं विचारलं होतंस. अर्पिता सिंग यांच्या उतारवयातल्या बायका बघ. त्या शरीरांना कुणाला रिझवायचं नाही. गोगी सरोज पाल यांच्या अर्ध्या बाई अर्ध्या जनावर अशा बायका बघ. मला त्या सगळ्याच रुचत नाहीत, पण त्या बायका समोरच्याच्या डोळ्याला डोळा देतात. सुधीर पटवर्धन बघ, ठाण्यात एक्स-रे वाचत वाचत त्यांनी चाळीतली, लोकलमधली शरीरं काढली, कपड्यांतलीच, आणि तरी कुणाचा खांदा कशाने वाकलाय ते कळतं. बघून झालं की सगळं मिटून ठेव आणि मैत्रिणीच्या कमरेकडे बघ.

काही कामाच्या गोष्टी. मैत्रीण बसते तेव्हा खोलीला आतून कडी आणि तिच्या हाताशी चादर असू दे. पंचवीस मिनिटांवर एक पोज ताणू नकोस, पाय बधिर होतो आणि मग तुला बधिर पाय काढावा लागतो. ती फुकट बसते म्हणालीस, ते चालणार नाही. पैसे घेत नसेल तर तू तिच्यासाठी बस, कपड्यांत किंवा कशीही, पण तितकेच तास. स्टँडवरून खोली कशी दिसते ते तुला कळायला हवं, मला ते कधीच कळलं नाही. रंगांत तू कातडीचा एकच रंग कालवून ठेवतेस असं दिसतं. कालवू नकोस. दंड वेगळा, पाठीचा पट्टा वेगळा, कोपर वेगळं, वळाची कड वेगळी. बर्न्ट सिएनाच्या तांबूस तपकिरीत थोडा टेरे व्हर्ट, तो मातकट हिरवा, घालून बघ, वळाच्या कडेला जो मेलेला रंग असतो तो त्याने येतो. मध्ये गुलाबी टाकताना पांढरा कमी. ताजा वळ तासाभरात उतरतो, म्हणून ती बसली की आधी कमर काढ, चेहरा नंतर. चेहरा कुठे जात नाही.

सहावं आणि सातवं खरवडू नकोस, तशीच ठेव, मागे तारीख घाल. तिसऱ्यावर पुन्हा काम कर. पुसलेल्या जागेवरच, मळलेल्या ऑकरवरच. आणि तिला विचार, तिचं नाव चित्राखाली लिहिलं तर चालेल का. नको म्हणाली तर लिहू नकोस, पण विचार.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी ये. सकाळी ये, माझ्या खोलीत उजेड अकरापर्यंतच चांगला असतो. तिसरं चित्र घेऊन ये, ओलं असलं तरी चालेल, एसटीत आडवं ठेवायला दोन फळ्या बांध. माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक चित्र आहे, सत्तावीस वर्षं सुतळी सोडलेली नाही. माझ्याच्याने आता स्टुलावर चढवत नाही. तू आलीस की काढू.

तुझी,
बाई